बिल कंपनी भरते. हिशेब कोणी द्यायचा?



१ मे हा कामगार संत जोसेफ यांचा सण. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली तो ख्रिस्तसभेला दिला, तेव्हा जगभरचे कामगार हा दिवस आपला म्हणून पाळतच होते. १९६० पासून त्यात महाराष्ट्र दिनाचीही भर पडली. या सणाला आपण हाताला काम दिल्याबद्दल परमेश्वराचे आभार मानतो आणि ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. यंदा त्याच्या जोडीला कामाच्या जागेविषयी एक गोष्ट बोलायची आहे. ती म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या ऑफिसांत, दुकानांत आणि कारखान्यांत वापरली जाणारी वीज.

हा विषय वीज कंपनीच्या पत्रकात शोभेल, प्रवचनात त्याचे काय काम, असे कोणाला वाटेल. पण आपल्या घरातले आणि ऑफिसातले वागणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. घरी मुलगा खोलीतून बाहेर पडला आणि पंखा फिरत राहिला, तर आई स्वयंपाकघरातून ओरडते, बाप बिलाचा आकडा ऐकवतो. रात्री एसी लावलाच तर दोन तासांचा टायमर लावून लावतो. तोच बाप सकाळी अंधेरीला किंवा मालाडला ऑफिसात पोहोचतो आणि रिमोटवर अठरा आकडा लावतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी मे महिन्यात शाल गुंडाळून बसलेली असते. मिटिंग संपून तास झाला तरी रिकाम्या खोलीतले दिवे, पडदा आणि एसी चालूच असतात. संध्याकाळी सगळे घरी जातात, मॉनिटर मात्र रात्रभर जागतात. माणूस एकच, मग दोन ठिकाणी दोन रीती कशा? उत्तर सोपे आहे. घरचे बिल आपण भरतो, ऑफिसचे कंपनी भरते.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात अप्रामाणिक कारभाऱ्याचा दाखला आहे. तो ऐकताना आपले लक्ष त्याच्या शेवटच्या चलाखीकडे जाते, म्हणजे ऋणकोंच्या कागदावरचे आकडे त्याने कसे बदलले तिकडे. सुरुवातीचा आरोप मात्र निसटतो. धन्याकडे तक्रार आली ती चोरीची नव्हती, उधळपट्टीची होती. धन्याची मालमत्ता तो उडवत होता, एवढेच. त्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तोच त्याच्या आधीच्या अध्यायात उधळ्या पुत्रासाठी आला आहे. मुलाने स्वतःचा वाटा उधळला, कारभाऱ्याने दुसऱ्याचा. प्रभू येशू पुढे असेही विचारतो की जो परक्याच्या वस्तूंविषयी विश्वासू राहिला नाही, त्याला त्याचे स्वतःचे कोण देईल? म्हणजे परक्याच्या वस्तूशी आपण कसे वागतो ही प्रभूच्या दृष्टीने लहान बाब नाही. आपली परीक्षा तिथेच होते, कारण तिथे आपल्या खिशाचा धाक नसतो.

आणखी एक प्रसंग घ्या. पाच हजार लोक जेवले, तृप्त झाले. भाकरी फुकटची होती, चमत्काराची होती, आणि ज्याने ती दिली तो हवी तेवढी पुन्हा देऊ शकत होता. तरीही संत योहान सांगतो की काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने शिष्यांना सांगितले. बारा टोपल्या भरल्या. फुकट मिळालेल्या वस्तूचाही तुकडान् तुकडा मोजला गेला.

आता ऑफिसातली वीज खरोखर फुकटची आहे का, ते पाहू.

मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. भिऱ्याला पाणी पुरवण्यासाठी पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण बांधायचे ठरले. त्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावे होती, आंबेमोहोर तांदळाची शेते होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. पुरुषांबरोबर बायाही तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि शेते पाण्याखाली गेली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, हजारो घरांच्या चुली पेटल्या, हेही खरेच आहे. पण धरणाकाठच्या वाड्यांना पुढे कित्येक वर्षे दिवा मिळाला नाही. आजही भिऱ्याची वीज मुंबईकडे येते.

पाण्याची वीज या शहराला पुरेना, म्हणून कोळसा आला. चेंबूरजवळ ट्रॉम्बेला टाटांचे केंद्र उभे राहिले. उपनगरांसाठी बीएसईएस कंपनीने डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे केंद्र बांधले, ते १९९५ साली सुरू झाले. कंपनीचे नाव पुढे रिलायन्स झाले, २०१८ पासून अदानी आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या बहुतेकांना बिल पाहून हे ठाऊक आहेच. (मुलुंडकरांचे बिल महावितरणचे येते, पण कोळसा त्यांनाही चुकलेला नाही.) ज्या डहाणूत हे केंद्र आहे तो तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला होता. चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि मच्छीमारांची गावे असलेला तो मुलूख. तिथल्या लोकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने धुरातला गंधक वेगळा करणारी यंत्रणा बसवा, असे १९९९ साली सांगितले. ती चालू व्हायला २००७ साल उजाडले. मधली सगळी वर्षे आपले दिवे लागत होते आणि धूर डहाणूवर पसरत होता.

डहाणू १९९८ पर्यंत आपल्याच मुंबई महाधर्मप्रांतात होते. त्या वर्षी वसई धर्मप्रांत वेगळा झाला. म्हणजे ती माणसे आपल्याला कागदोपत्रीसुद्धा परकी नव्हती.

२००५ नंतरची काही वर्षेही आठवा. राज्यात विजेचा तुटवडा होता. मराठवाड्यात, विदर्भात खेडोपाडी दिवसाला बारा-बारा तास भारनियमन चाले, दहावीची मुले कंदिलाखाली अभ्यास करत. मुंबई शहराला मात्र त्यातून वगळले होते. त्याच काळात आपल्या उपनगरांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या.

या इमारतींविषयी थोडे बोलायलाच हवे. अंधेरीच्या सिप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १८४० साली साथीच्या रोगानंतर तिथली वस्ती आणि चर्च मरोळला हलले, हे आपल्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांना घरातूनच माहीत असते. कधी आत जायला मिळाले तर त्या दगडी भिंतींची जाडी पाहा. त्या बांधणाऱ्यांना ऊन आत कसे येऊ द्यायचे नाही ते कळत होते. आपल्या गावठाणातल्या कौलारू घरांनाही पुढे ओटी आणि वर पोटमाळा असे, त्याचेही कारण हेच. आता त्याच सिप्झच्या आसपासचे टॉवर चारी बाजूंनी काचेचे आहेत. खिडकी उघडत नाही, दुपारचे ऊन सरळ टेबलावर येते. मग पडदे ओढून दिवसाढवळ्या दिवे लावायचे आणि आत शिरलेली उष्णता एसीने बाहेर फेकायची! थंड देशातली इमारत इथल्या उन्हात आणून ठेवली की असे होते. ती बांधताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. पण तिच्यात दिवसाचे नऊ तास आपण बसतो.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि त्या कामासाठी लागलेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळतो. दुकानात आपण दीड टनाचा एसी मागतो, तो टन वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या कारखान्यांच्या काळापासून चालत आलेले हे माप आहे. तेव्हा दीड टनाच्या यंत्राबाहेर किती गरम झोत येत असेल याचा अंदाज करा, आणि तो कोणावर येतो ते पाहा. साकीनाक्याच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या अरुंद गल्लीत वर मान करून बघा. एकाखाली एक बाहेरची यंत्रे लटकत असतात, आणि त्यांच्या खाली वडापाववाला, चांभार, कुरियरची मुले, खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. आतले वीस जण गारठलेले असतात आणि त्यांच्या अंगावरची उष्णता खालचे चौघे सोसतात. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा आपण तोंडपाठ म्हणतो. हा शेजारी तर अक्षरशः भिंतीपलीकडे आहे.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली चोवीस अंशांचा सल्ला दिला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू केल्यावर आपोआप चोवीसवर येईल असाच बनवावा लागतो. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. आपण एक ढोबळ गणित करू. एका मजल्यावर दीड टनाचे दहा एसी आहेत, दिवसाला नऊ तास चालतात आणि प्रत्येकी तासाला दीड युनिट वीज घेतात. दिवसाला सव्वाशेहून अधिक युनिट झाली. वीस अंशांवरून चोवीसवर आलो तर त्यातली तीसेक युनिट वाचतील, म्हणजे महिन्याला साडेसातशेच्या आसपास. कोळशाच्या केंद्रात एका युनिटसाठी सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. एका मजल्यावरच्या चार अंशांत महिन्याला सुमारे अर्धा टन कोळसा आहे. असे मजले अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत किती असतील!

मुंबईचा त्रास घामाचा आहे, नुसत्या तापमानाचा नाही. म्हणून सव्वीस अंशांवर एसी आणि जोडीला डोक्यावर हलका पंखा फिरता ठेवला तर चोवीसइतकेच बरे वाटते. नव्या पद्धतीचा पंखा तीसेक वॅटवर चालतो, जुना सत्तर-पंचाहत्तर वॅट घेई. गाळणी धुतलेली नसली की एसी दम लागलेल्या माणसासारखा धापा टाकतो आणि वीज जास्त खातो. दुपारी जेवायला उठताना स्क्रीन बंद करणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चटई लावणे, शेवटी निघणाऱ्याने मजल्यावर एक फेरी मारणे, ही कामे कोणीही करू शकतो. सगळ्यांत अवघड काम रिमोटचे आहे. तो बहुधा साहेबांच्या टेबलावर असतो आणि साहेब सूट-टायमध्ये असतात.

जपानमध्ये २००५ साली सरकारनेच ही गाठ सोडवली. उन्हाळ्यात ऑफिसांचे तापमान अठ्ठावीस अंशांवर ठेवायचे आणि कोट-टाय काढून ठेवायचे, अशी मोहीम तिथे सुरू झाली. तिचे नाव ‘कूल बिझ’. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय लोकांसमोर आले. कपड्यांच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशात हे सोपे नव्हते, पण वरच्या माणसाने टाय काढल्यावर खालच्यांना धीर आला. आपल्याकडेही ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी पहिले पाऊल टाकायला हवे. हाफ शर्टात आलेल्या कारकुनाला नापसंतीने पाहणारा अधिकारी विजेच्या बचतीवर कितीही परिपत्रके काढो, काही होणार नाही. (जाता जाता, मे महिन्यातल्या आपल्या लग्नांचेही पाहा. नवरदेव थ्री-पीस सुटात, सोबतचे चारही जण तशाच सुटात, आणि त्यांना घाम येऊ नये म्हणून अख्खा हॉल गारठवायचा. लग्न लागते ते सुटामुळे नव्हे.)

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. आपली उपभोगाची सवय कशी वाढत जाते हे सांगताना त्यांनी एसीचेच उदाहरण घेतले आहे. विक्री वाढली की मागणी आणखी वाढवली जाते, असे त्यांचे म्हणणे. त्याच पत्रात नको असलेला दिवा मालवणे यासारख्या बारीक कृतींनाही त्यांनी प्रेमाची कृती मानले आहे. त्याआधी पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, २००८ साली, व्हॅटिकनमधल्या पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर दोन हजारांहून अधिक सौर पट्ट्या बसल्या. जे ऑफिसांना सांगायचे ते चर्चच्या कार्यालयाला, शाळेला आणि हॉललाही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. उन्हाळा चेष्टेचा विषय राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. गारवा हे पाप नाही. आजाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला, गरोदर स्त्रीला तो औषधासारखा लागतो. दवाखान्यातले, औषधांच्या गोदामातले एसी बंद करा असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या खोलीत एकच पंखा आहे त्याला तर बचतीचा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकारच नाही.

ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण बचतीची आज्ञा वरून निघते आणि खालच्यांवर येऊन आदळते. मरोळ-साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, बोरिवली-मुलुंडच्या गाळ्यांमध्ये आपल्यापैकी काहींचे छोटे कारखाने आहेत. पत्र्याच्या छपराखाली शिलाई, पॅकिंग, प्लास्टिकच्या मोल्डिंगची कामे चालतात. वीज वाचवायची ठरली की तिथे पहिली गदा कशावर येते? मालकाच्या केबिनमधला एसी तसाच राहतो, कारागिरांचे दोन पंखे कमी होतात, थंड पाण्याचे मशीन बंद पडते. ऑफिसात साहेबांचा मजला तसाच राहतो आणि प्यूनच्या पँट्रीतला पंखा निघतो. अशा बचतीला तपश्चर्येचे नाव देऊ नये. संत याकोब मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी लिहितो की ती मजुरीच ओरडते, आणि त्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो. घामाघूम झालेल्या माणसाचा काढून घेतलेला पंखाही त्याच जातीचा आहे. छपराला पांढरा चुन्याचा हात द्या, वारा खेळायला जाळी ठेवा, जड काम सकाळी उरका. त्याने वीजही वाचेल आणि माणूसही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोविडचे दिवस होते, दवाखाने भरलेले होते. या शहरात लागते तेवढी वीज शहरात तयार होत नाही, बाहेरून येणाऱ्या तारांवर आपला श्वास अवलंबून आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. उन्हाळ्याच्या दुपारी या तारांवर सर्वांत जास्त भार असतो, आणि त्याच वेळी आपल्या ऑफिसांतला आकडा सर्वांत खाली असतो.

सोमवारी कामावर जाल तेव्हा दोन गोष्टी करा. रिमोट तुमच्या हातात असेल तर चोवीसच्या वर ठेवा. नसेल तर ज्याच्या हातात आहे त्याच्याशी भांडण न करता, चार जणांना बरोबर घेऊन बोला. शाल घेऊन बसणारी मुलगी तुमच्या बाजूने पहिली उभी राहील. आणि आत शिरण्याआधी इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन वॉचमनची खुर्ची कुठे आहे ते पाहा. तुमच्या मजल्याचा गरम झोत तिच्यावर येत असेल तर सोसायटीच्या माणसाला सांगून ती खुर्ची सावलीत हलवा, आणि त्याला पंखा आहे का तेही विचारून घ्या.